रखमाबाई आणि कोर्टाची पायरी



शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या सेनगावात लहान पोरालाही पाठ असते. बांधाचं भांडण असो नाहीतर सासरचा जाच, पारावरचा सल्ला ठरलेला. मिटवून घ्या, दुर्लक्ष करा, आपलीच बदनामी होते. होस्टेलवर आल्यावर भाषा बदलली, सल्ला तोच राहिला. एखादीला रोज नव्या नंबरवरून फोन येतात, एखाद्याला सिनियर रात्री दोन वाजता उठवून उभं करतात. आणि आपण काय म्हणतो? सोड ना यार, इग्नोर कर!

एखाद्या दिवसाचा त्रास इग्नोर करता येतो. पण जो त्रास रोजचा आहे, त्याकडे दुर्लक्ष केलं की देणाऱ्याला वाटतं, चाललंय ते चालू शकतं. म्हणूनच यंदाच्या अंकासाठी मी एका अशा बाईचं चरित्र निवडलं, जिला चार वर्षं त्रास झाला आणि तोही चक्क कोर्टामार्फत. खटला सुरू झाला तेव्हा तिचं वय १९, संपला तेव्हा २३. म्हणजे आपण फर्स्ट इयरला येतो आणि डिग्री घेऊन बाहेर पडतो, बरोबर तेवढा काळ. तिचं नाव डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. आईचं लग्न कोवळ्या वयात झालेलं. पंधराव्या वर्षी ती आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्याआधी पहिल्या नवऱ्याची मिळकत त्यांनी मुलीच्या नावावर करून दिली. ही मिळकत लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. सावत्र बाप हा शब्द आपण चांगल्या अर्थानं कधीच वापरत नाही, पण हा सावत्र बाप रखमाच्या पाठीशी सख्ख्यासारखा उभा राहिला.

तरीही रीत ती रीत! अकराव्या वर्षी रखमाचं लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लागलं. ठरलं असं होतं की दादाजीनं सासुरवाडीच्या आधारानं शिकावं, माणूस व्हावं. पण दादाजीचं मन शाळेत रमलं नाही. तो मामाकडे जाऊन राहिला आणि शिक्षण सुटलं. इकडे रखमा वयात आल्यावर तिला लगेच नवऱ्याकडे धाडायला डॉक्टरांनी नकार दिला. इतक्या लहान वयातल्या संसाराचे शरीरावर काय परिणाम होतात, हे त्यांना डॉक्टर म्हणून दिसत होतं. शाळा थांबलेली रखमा घरीच वाचत राहिली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून तिनं स्वतःचं इंग्रजी पक्कं केलं. अशी आठ वर्षं गेली. दोघं नवरा-बायको म्हणून एका घरात एक दिवसही राहिले नव्हते.

इथं थोडं थांबते, कारण हा भाग आमच्या तालुक्याला जुना वाटत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापाचा प्रश्न खोटा नसतो. पण त्याचं उत्तर म्हणून दहावीच्या आत लगीन उरकलं जातं. माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी अशाच गेल्या. आज त्यासाठी २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या नंबरवर कळवलं तरी दखल घेतली जाते. लग्न लागण्याआधी मॅजिस्ट्रेट मनाई हुकूम काढू शकतात. आणि लग्न लागून गेलं असेल तर? तरीही मार्ग आहे. अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसावं वर्ष पूर्ण होण्याआधी, ती मुलगी कोर्टात अर्ज करून ते लग्न रद्द करून घेऊ शकते. हिशेब करा. १८८४ च्या मार्चमध्ये रखमाबाई १९ वर्षांच्या होत्या. असा कायदा तेव्हा असता, तर पुढची चार वर्षं घडलीच नसती.

पण कायदा वेगळा होता. मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलांची नोटीस आली, बायकोला नांदायला पाठवा. नकार गेल्यावर त्यानं मुंबई हायकोर्टात दावा लावला. दाव्याचं नाव मोठं भारदस्त, वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. हा प्रकार ना आपल्या धर्मशास्त्रातला, ना रूढीतला. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातून इकडे आला. गंमत अशी की ज्या १८८४ साली हा दावा लागला, त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं आपल्याकडे या कारणासाठी तुरुंगात टाकणं बंद केलं. हिंदुस्थानात मात्र ती शिक्षा चालूच राहिली.

दादाजीला एवढी घाई का झाली? रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं होतं की डोळा त्यांच्या नावावरच्या मिळकतीवर आहे. शिवाय तो आजारी असतो, कमावत नाही, मामाच्या जिवावर जगतो, असंही त्यांनी कोर्टात मांडलं. पण त्यांचा मुख्य मुद्दा याहून मूळचा होता. ज्या वयात संमती देता येत नाही त्या वयात लावलेलं लग्न आपल्यावर बंधनकारक कसं? हा प्रश्न हिंदुस्थानच्या कोर्टात एखाद्या मुलीनं इतक्या उघडपणे विचारल्याचं लोकांनी ऐकलं नव्हतं.

एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले. खटला ऐन मध्यावर आणि घरचा आधारच गेला. अशा वेळी कुणीही म्हटलं असतं, आता पुरे. रखमाबाईंनी मात्र लेखणी उचलली. त्याच वर्षी जून आणि सप्टेंबरमध्ये टाइम्स ऑफ इंडियात त्यांची दोन पत्रं आली. नावाच्या जागी फक्त एक हिंदू स्त्री असं टोपणनाव. बालविवाहामुळे मुलींचं शिक्षण कसं तुटतं, मन कसं मारलं जातं, हे त्यांनी लिहिलं. मला इथं त्यांची हुशारी दिसते. आपली कहाणी रंगवून दया मागण्याऐवजी त्यांनी अख्ख्या रीतीविषयी लिहिलं. त्यामुळे वाचणाऱ्या प्रत्येक घरात तो प्रश्न जाऊन पोचला.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. जे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांचं सहजीवन पुन्हा सुरू करा असा हुकूम देता येत नाही, आणि अजाण वयात लग्न लावलेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध पाठवणं कोर्टाला शोभत नाही, असा त्याचा सारांश. रखमाबाई जिंकल्या!

आणि तिथूनच खरा त्रास सुरू झाला. वर्तमानपत्रांत एकच गदारोळ उडाला. शिकलेली बाई नवरा सोडते, इंग्रजी कोर्ट आमच्या धर्मात हात घालतं, असा सूर लागला. लोकमान्य टिळकांचा केसरी त्यांच्या विरोधात होता. आपल्याला ज्यांच्याविषयी आदर आहे अशी माणसंही या प्रश्नात दुसऱ्या बाजूला उभी होती, हे सांगायला संकोच वाटतो, पण चरित्र सांगायचं तर ते गाळता येत नाही. दुसरीकडे बेहरामजी मलबारी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची अशी मंडळी त्यांच्या बाजूनं होती. तेलंग तर कोर्टातही त्यांच्यासाठी उभे राहिले. त्यांच्या मदतीला एक समिती झाली, खर्चासाठी पैसे गोळा झाले. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची हकीकत दिली.

दादाजीनं अपील केलं. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवून खटला परत पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला, की एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी सरळ सांगितलं की कैद पत्करते, पण जाणार नाही. वय वर्षं बावीस! त्याच्या आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारीला पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. एक मुलगी शिकून आली आणि आजारानं गेली, दुसरी शिकायचं म्हणते तर तुरुंगाच्या दारात उभी. त्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातल्या शिकू पाहणाऱ्या मुलींना काय वाटलं असेल?

आमचा सेनगावचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई हायकोर्टाचा हुकूम इथं चालत नव्हता, आणि पुढे इंग्रजांनी केलेले सुधारणेचे कायदेही त्यांच्याच मुलखापुरते होते. आम्ही भारतात आलो ते १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यामुळे अशा कायद्यांची ओळख आमच्या आज्या-पणज्यांना फार उशिरा झाली.

रखमाबाई तुरुंगात गेल्या का? नाही. अपील, अर्ज, चर्चा यांत वर्ष गेलं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या गोष्टीत व्हिक्टोरिया राणी एका फटक्यात त्यांना मोकळं करते. वाचायला छान वाटतं, पण खटला प्रत्यक्षात मिटला तो जुलै १८८८ मध्ये, कोर्टाबाहेर तडजोडीनं. दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. पुढच्या वर्षी त्यानं दुसरं लग्नही केलं, कारण पुरुषाला तशी मोकळीक होती. रखमाबाईंना घटस्फोट मात्र मिळाला नाही, कारण हिंदू बाईसाठी तसा कायदाच नव्हता. म्हणजे चार वर्षांत त्यांच्यापुढे मार्ग किती होते? शरण जा, तुरुंगात जा किंवा पैसे मोजा, एवढेच तीन! त्रास देणाऱ्याला थांबवा, असं कोर्टाला म्हणायची सोयच नव्हती. कोर्ट होतं ते त्याच्या हातातलं हत्यार.

पुढचं आयुष्य त्यांनी असं वापरलं की वाचून छाती भरून येते. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या आणि १८९४ ला डॉक्टर झाल्या. परत येऊन १८९५ पासून सुरतेच्या बायकांच्या हॉस्पिटलात आणि १९१८ पासून राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात त्यांनी काम केलं. प्लेगच्या काळातल्या सेवेबद्दल त्यांना सरकारी पदक मिळालं. भारतात प्रत्यक्ष डॉक्टरकी केलेल्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांचं नाव आहे. १९०४ मध्ये दादाजी वारला, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. हे वाचून मी बुचकळ्यात पडले. ज्याला कधी नवरा मानलं नाही त्याच्यासाठी हे का? नंतर वाटलं, सुरतेच्या जुन्या वळणाच्या घरांत बाळंतपणाला जाणाऱ्या डॉक्टरणीला लोकांचा विश्वासही सांभाळावा लागत असेल. काही असो, माणूस आपल्या सोयीच्या चौकटीत बसत नाही.

त्यांच्या खटल्यानं उठलेल्या वादळाचा परिणाम कायद्यावर होत राहिला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वय १० वरून १२ झालं. १९२३ मध्ये नांदायला न जाणाऱ्या बाईला कैदेत टाकण्याची तरतूद गेली. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवलं, १९७८ मध्ये ते १८ झालं. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाई मुंबईत वारल्या. वय ९०. मात्र त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना आजही आहे. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कलम वैध ठरवलं. फरक एवढाच की आता त्यासाठी तुरुंग नाही.

आता आपल्यापुरतं बघू. रखमाबाईंपुढे तीन मार्ग होते, आपल्यापुढे किती आहेत? मी हे वाचून, वकील असलेल्या नातेवाइकांना विचारून टिपून ठेवलंय.

पाठलाग हा २०१३ पासून गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये येतो. बाईनं नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा मागे जाणं, फोन-मेसेज करणं, तिच्या इंटरनेटवर नजर ठेवणं, हे सगळं त्यात बसतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. स्पष्ट दाखवूनही आणि पुन्हा पुन्हा, हे शब्द लक्षात ठेवा. एकदा, शक्यतो लेखी, नकार द्यायचा आणि नंतरच्या प्रत्येक प्रकाराची तारीख, वेळ लिहायची, स्क्रीनशॉट ठेवायचे. नंबर ब्लॉक करायच्या आधी मेसेज डिलीट करू नका. जर्नल आपण दुसऱ्याचं बघून लिहितो, ही वही मात्र स्वतःच्या हातानं लिहायची!

रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढून टाकणं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. ते टाळलं तर कायदा त्यांनाही गुन्ह्याला साथ दिल्याचं मानतो. देशभरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, रात्रीही चालू.

लैंगिक छळासाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. मुदत तीन महिने. पण त्रास सतत चालू असेल तर ती शेवटच्या घटनेपासून मोजतात, आणि योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार मुलंही इथं तक्रार करू शकतात. मुलांनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलंय. गप बसायचा सल्ला तुम्हालाही तेवढाच मिळतो.

घरातूनच त्रास असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. तो फक्त सासरसाठी नाही, माहेरच्या छळालाही लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत मॅजिस्ट्रेटकडून संरक्षण आदेश मिळतो आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रखमाबाईंना हवा होता तो नेमका हाच कागद.

आता नेहमीची अडचण. त्रास देणारा सेनगावात, मी होस्टेलवर, मग तक्रार कुठं? जिथं आहात तिथल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा नोंदवून ते योग्य ठाण्याकडे पाठवतात. ठाण्यात घेतलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं, तिथंही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. वकिलाचे पैसे? मुली आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी नंबर १५१००. आणि जिवावरचा प्रसंग असेल तर आधी ११२.

कागद केला म्हणजे सगळं चुटकीसरशी सुटतं, असं मी म्हणत नाही. तारखा पडतात, लोक बोलतात, घरचेही रागावतात. रखमाबाईंना तर हायकोर्टात जिंकूनही पुन्हा हरावं लागलं. पण त्यांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. नकार स्पष्ट शब्दांत आणि सगळ्यांसमोर दिला, आणि त्या एकट्या राहिल्या नाहीत. आई होती, डॉक्टर मैत्रीण होती, वकील होते, वर्गणी देणारी अनोळखी माणसं होती.

म्हणून एक विनंती. शेजारच्या रूममधली मैत्रीण किंवा मेसमध्ये समोर बसलेला ज्युनिअर दबक्या आवाजात काही सांगू लागला, तर इग्नोर कर म्हणू नका. वही-पेन घ्या, शेजारी बसा आणि पहिली तारीख लिहून काढायला मदत करा. तक्रार द्यायला जाताना त्याच्यासोबत जा.

— एक विद्यार्थिनी, अंतिम वर्ष
(मूळ गाव : सेनगाव, जि. हिंगोली)